आईची कुसळं

दिवाळीच्या सुट्ट्या संपून कॉलेज नुकतंच उघडलं होतं, त्या आठवड्यात ते सुरू झालं. कल्याणी जालन्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होती. खिडकीपाशी पोरांची रांग लागलेली, कुणाला बोनाफाईड पाहिजे, कुणाला टीसी. सह्या करता करता तिच्या डाव्या खांद्यामागं काहीतरी टोचलं. ब्लाउज नवा होता. शिवणारीची एखादी टाचणी राहिली असेल म्हणून ती उठून बाथरूममध्ये गेली, ब्लाउज उलटासुलटा करून पाहिला. टाचणी नव्हती, मुंगी नव्हती, साधा तुटका दोरासुद्धा नव्हता. परत येऊन खुर्चीत बसली तर पुन्हा टोचलं, या वेळी जरा खाली.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं नवऱ्याला पाठ दाखवली. रामप्रसाद वीज मंडळात होता. त्यानं तिला ट्यूबलाइटखाली उभं केलं, चष्मा लावला आणि निरखून पाहिलं.

"काही नाही गं. पुरळ नाही, लाली नाही. साफ आहे पाठ."

"मग टोचतंय काय?"

"घामोळं येऊन राह्यलं असेल आतून."

थंडी पडायला लागली होती, घामोळं कुठून येणार? पण तिनंही मान डोलावली. कारण काहीतरी असलंच पाहिजे, असं तेव्हा दोघांना वाटत होतं.

पंधरवड्यात ते पाठीवरून दंडावर आलं, दंडावरून मनगटापर्यंत. कधी केसाएवढ्या पायांची मुंगी चालल्यासारखं व्हायचं, कधी मोसंबीच्या बागेत फिरताना काटा नुसता चाटून जावा तसं. खाजवलं की ते हटायचं नाही, फक्त सरकायचं. बोट जिथं पोचेल तिथून चार बोटं लांब जाऊन बसायचं. कामात असताना कमी, स्वस्थ बसलं की जास्त. टीव्ही पाहताना तर नकोच. अंथरुणाला पाठ टेकली की सगळीकडून एकदम.

घरातला साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली. नायलॉनच्या साड्या कपाटात गेल्या. कडुलिंबाचा पाला उकळून आंघोळ झाली, खोबरेल तेलात कापूर झाला. स्किनच्या डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तिला ऑफिसात पेंग यायची. खाज मात्र जागीच असायची. रक्त तपासलं. साखर बरोबर, थायरॉइड बरोबर, लिव्हर बरोबर. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट चाळून हसत विचारलं, "मुलगी पुण्याला असते ना? घरात दोघंच? टेन्शन घेता का फार?"

"टोचतं म्हणून टेन्शन येतं," कल्याणी म्हणाली.

ते पुन्हा हसले. त्यांच्या दारातून बाहेर पडताना तिला एखादी खोटी गोष्ट सांगून आल्यासारखं वाटलं.

याहून वाईट झालं ते शेजारी. समोरच्या पायलचं बाळ जन्मल्यापासून कल्याणीच्या मांडीवर वाढलेलं. ऑफिसातून आली की पाच मिनिटं तरी त्याला घेतल्याशिवाय ती कुलूप उघडायची नाही. एका संध्याकाळी तिनं हात पुढं केले आणि पायलनं बाळाला खांद्यावर तसंच धरून ठेवलं. "काकू, राग मानू नका… तुम्हाला ते स्किनचं काहीतरी झालंय ना, म्हणून… याला जरा लवकर होतं काहीही."

"बरोबर आहे," कल्याणी म्हणाली. आत येऊन तिनं दिवासुद्धा लावला नाही. स्वयंपाकघराच्या अंधारात ओट्याला टेकून दोन्ही दंड खाजवत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा नखांनी कातडी सोलली. रामप्रसाद आला, त्यानं बटण दाबलं, तिचे दंड पाहिले आणि म्हणाला, "उद्या रजा टाक. आपण संभाजीनगरला जाऊ."

तिथले डॉक्टर नसांचे होते. वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी तिच्या हातावर कापूस फिरवला, सुई टोचली, गार लोखंड लावलं, डोळे मिटून सांगायला लावलं. नसांची तपासणी करून घेतली. दुपारी सगळे कागद पाहून म्हणाले, "ताई, रिपोर्ट चांगले आहेत. म्हणजे तुम्हाला काही होत नाही असं मी म्हणत नाही. होतंय ते खरंच आहे. कातडीवर काही नसतानाही नस कधी कधी मेंदूला खोटी वर्दी देते. का देते, ते दर वेळी कळतं असं नाही. तुमच्या बाबतीत मला आज तरी सांगता येत नाही."

का कोण जाणे, 'सांगता येत नाही' हे ऐकून कल्याणीला पहिल्यांदा बरं वाटलं.

"घरात कुणाला होतं का असं? आई, बहीण?"

"नाही," ती म्हणाली. अगदी लगेच म्हणाली.

परत येताना बदनापूरला ते चहाला थांबले. टपरीवाला आलं ठेचत होता. कल्याणी बाकड्यावर बसून अंग आवळून घेत होती, तेव्हा रामप्रसादनं तिच्या पाठीवर मुठीची हाडं घासायला सुरुवात केली. आजूबाजूला ट्रकवाले होते, पण त्याचं लक्ष नव्हतं.

"खाली," ती म्हणाली. "अजून खाली. हां, तिथं. आता डाव्या अंगाला… हां. आता सोड, आता ऱ्हाऊ दे."

आणि ती वळून त्याच्याकडं बघायला लागली. नवऱ्याला ती आयुष्यात कधी 'सोड' म्हणाली नव्हती, 'ऱ्हाऊ दे' ही तिची बोलीही नव्हती. ती आईची होती. शब्द, त्यांची चाल, मधला तो 'हां', सगळं आईचं.

"काय झालं?" रामप्रसादनं विचारलं.

"अहो, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. आईला होतं. आईला असंच होतं."

चहा आला, निवला. कल्याणी बोलतच राहिली.

तिचे आण्णा, म्हणजे वडील जगन्नाथ गुरुजी, परतूरला शाळेत होते. मोंढ्यामागं दोन खोल्या भाड्यानं घेतलेल्या. कापसाच्या दिवसांत गाड्यांची रांग थेट गल्लीच्या तोंडापर्यंत लागायची आणि कापसाचे बारीक पुंजके उडत येऊन दाराच्या कडीला, वाळत घातलेल्या कपड्यांना चिकटायचे. वडील शाळेत गेले, भांडी झाली, की दुपारी उषाबाई, कल्याणीची आई, दार नुसतं लोटून घ्यायची आणि शहाबादी फरशीवर पालथी पडायची. ब्लाउजची बटणं सैल करायची. "कल्ले, ये गं," म्हणायची. "आज कुसळं आलीत."

मग कल्याणी कोनाड्यातलं मक्याचं दाणे काढलेलं वाळकं कणीस घ्यायची आणि आईच्या पाठीवर फिरवायची. खाली. अजून खाली. हां, तिथं. हात दुखू नयेत म्हणून पाढे म्हणत फिरवायची. एकोणतिसाचा पाढा तिला आजही येतो तो त्या पाठीमुळं. लहानपणी तिला वाटायचं, कुसळं म्हणजे कुणीतरी पाहुणे. 'आलीत' म्हणते म्हणजे कुठून तरी येत असणार. दुपारी स्टेशनात गाडीची शिट्टी वाजायची त्याच सुमाराला आई हाक मारायची, त्यामुळं ती गाडीनंच येत असतील, असा तिचा बरेच दिवस समज होता.

आईच्या पाठीवर, उजव्या बाजूला, एक वाकडी गुळगुळीत खूण होती. कल्याणी त्यावरून बोट फिरवायची. "हे काय गं?" "चांदोबा," आई उशीत तोंड खुपसून म्हणायची. कणीस तिथं आलं की मात्र ती अंग चोरायची.

"आणि मला हे इतके महिने आठवलं नाही," कल्याणी रामप्रसादला म्हणाली. "कारण घरात त्याला कुणी आजार म्हटलंच नाही. उन्हाळा येतो, पाहुणे येतात, तशी आईची कुसळं यायची. थोड्या वेळानं ती उठायची, बटणं लावायची, चहा टाकायची."

आई जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, वडील त्याच्याही आधी गेलेले. विचारायचं कुणाला? वाटूरला आईची धाकटी बहीण होती, पुष्पाबाई. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या. वडिलांची परतूरला बदली होईपर्यंत उषाबाई वाटूरलाच सासरी होती. कल्याणीचा जन्मही तिथलाच, पण तिला ते घर आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी ती एकटीच एसटीनं वाटूर फाट्याला उतरली. मावसभाऊ हरिओम मोटारसायकल घेऊन आला होता. मावशी शेतातल्या घरी होती, हुरड्याचे दिवस होते. सत्तरीला टेकलेली, दात गेलेले, पण आवाज खणखणीत.

"ये गं कल्याणे. किती वाळली! ते रामप्रसाद जेवू घालून राह्यले का न्हाई?"

कल्याणीनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि सरळच विचारलं, "मावशी, आईला अंगाला टोचायचं ते आठवतं का तुला?"

मावशीनं हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्याकडं पाहिलं, तिच्या पूर्ण बाह्यांकडं पाहिलं. "तुला बी आली का?"

कल्याणीनं मान हलवली. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं नव्हतं, ते आलं. तीन डॉक्टर झाले होते, ढीगभर कागद झाले होते, आणि इथं कुणीतरी नुसतं विचारलं होतं, 'आली का'.

मावशीनं तिला बाजेवर बसवलं आणि तिच्या दंडावरून हात फिरवत सांगायला सुरुवात केली.

"लग्नाच्या दुसऱ्या सालापास्नं होतं अक्काला. आधी तिच्या सासूला वाटलं, खरूज आहे. हिचं ताट येगळं, गोधडी येगळी. अंगावर तर काहीच न्हाई! मंग म्हणाली, कामचुकार आहे, खळ्यावर यायचं नसलं की खाजवती. अक्का तर खळ्यावर सगळ्यात पुढं. ज्वारीची कूस आम्हा सगळ्या बायांच्या अंगाला लागायची, रात्री सगळ्या खाजवत बसायच्या. अक्का हसून म्हणायची, 'तुमची कुसळं आंघुळीला जातील गं, माझी बिनखळ्याची आहेत.' तव्हापास्नं तिनं तेच नाव ठेवलं."

"आणि ती पाठीवरची खूण? चांदोबा म्हणायची ती."

मावशीचा हात थांबला.

"दाजी ट्रेनिंगला गेल्ते, मास्तर लोकांच्या. तव्हा सासूनं तिला एका माणसाकडं नेलं, कोणाची तरी नजर आहे म्हणून. त्यानं इळा तापवला आणि टोक पाठीला टेकवलं."

बाहेर हरिओम शेणाच्या गोवऱ्या रचत होता त्याचा आवाज येत होता.

"मी दुसऱ्या दिवशी गेले तर पालथी पडलेली. मी रडाया लागले. तर मलाच म्हणती कशी, 'रडू नको पुष्पे. भाजलं ते बरं झालं. हे निदान दिसतं तरी. आता कुणी खोटं तर म्हणणार न्हाई.'"

पायलच्या दारातून परत आल्यावर स्वयंपाकघरात कल्याणीनं दंड सोलून काढले होते, तेव्हा रक्ताचा ठिपका पाहून तिलाही क्षणभर हेच वाटलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, रामप्रसादलाही नाही.

"आण्णा काय म्हणाले?"

"दाजी आले. आपल्या आईला एक शब्द बोलले न्हाईत. पण रोज सकाळी सगळ्यांदेखत अंगणात अक्काला बसवून तिची पाठ धुवायचे, तूप लावायचे. बाप्या माणूस बायकोची पाठ धुतोय, गावभर बोंब! सासू घरात तोंड लपवून बसायची. दाजीला बिलकुल फरक न्हाई. आन मंग परतूरच्या दवाखान्यात पट्टी कराया घेऊन जायला लागले. सायकलवर, मागं बसवून. आता ऐक." मावशी हसायलाच लागली. "आपल्या नाल्याचा उतार हाये ना, तिथं दाजीनं पायडल मारणं सोडलं आणि सायकल सोडून दिली. वारं लागलं. आन अक्का मागून म्हणती, 'आवो, आता काहीच होत न्हाई.' दाजीला वाटलं चेष्टा करती. सायकलीवरनं उतरून, ढकलत वर नेली, परत सोडली. परत म्हणती, 'काहीच न्हाई!' त्या दिवशी दवाखाना राह्यला बाजूला, नुसते वर-खाली करून राह्यले दोघं. कडूबा गुराखी बघत होता, त्यानं गावात येऊन सांगितलं, गुरुजीला येड लागलं."

"मग?"

"मंग काय, दाजीनं तिला सायकल शिकवली. तुरीत पडली, ज्वारीत पडली. लुगड्याचा काष्टा मारून. पर शिकली! भल्या सकाळी उठून एक चक्कर मारायची. भाकरी बांधून शेतात सायकलवर जायची. आधी बाया हसल्या, मंग म्हणाया लागल्या, उषे, आम्हाला बसव. मला मागं बसवून फाट्याला नेल्तं एकदा. शेव-चिवडा खाल्ला आम्ही, आन जल्दी जल्दी परत. घरी सांगितलंच न्हाई."

कल्याणी ऐकत होती आणि तिला ती आई दिसत नव्हती. तिला ठाऊक होती ती आई परतूरच्या दोन खोल्यांतली, डोक्यावरून पदर घेऊन दळण आणणारी. वडिलांची सायकल जिन्याखाली असायची; आई तिच्यावरची धूळ पुसायची, एवढंच.

"परतूरला नाही चालवली कधी."

"गावात सगळे ओळखायचे गं. तिथं लोक बघत राह्यचे. घरमालकीण म्हणाली, गुरुजींची बायको बाजारातून सायकलवर जाती, शोभतं का? दाजी म्हणाले, चालव, मी बघतो. तर हीच म्हणाली, ऱ्हाऊ द्या, तुमच्या नोकरीचं गाव आहे. सायकल सोडली तिनं. कुसळांनी तिला काय सोडलं न्हाई."

"मला का नाही सांगितलं गं कधी?"

"ते मला न्हाई सांगता येत. पर एक सांगते. त्या डागानंतर तिनं पाठीला कुणाला हात लावू दिला न्हाई. दाजी सोडले तर मला बी न्हाई, आमच्या आईला बी न्हाई. बाळंतपणात सुईणीला सुद्धा पाठीला तेल लावू दिलं न्हाई. तुला देत होती ना?"

"रोज," कल्याणी म्हणाली.

हरिओमनं हाक मारली. आगटी फुलली होती. त्याची मुलगी आकांक्षा आणि मावशीची सून मिळून गरम कणसं हातावर चोळत होत्या. कल्याणीही बसली. हिरवी मऊ ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. चोळताना कूस उडत होती, सगळ्यांच्या हाताला, मानेला लागत होती. आकांक्षा कोपर खाजवत होती, हरिओम कॉलरमागं हात घालत होता, मावशी पदरानं गळा पुसत होती. त्या तासाभरात खाजवताना कल्याणीनं एकदाही इकडंतिकडं पाहिलं नाही. इतके महिने जे ती चोरून करत होती, ते आज सगळे मिळून करत होते आणि मधेच म्हणत होते, अजून दोन कणसं टाक.

बांधाला आकांक्षाची शाळेची सायकल लावलेली होती. मावशीनं तिच्याकडं बोट केलं. "येती का तुला?"

"कॉलेजात असताना यायची."

"मंग बघती काय? नाला तिथंच आहे."

रस्ता आता डांबरी झाला होता, नाल्यावर पूल होता, तरी उतार राहिला होता. कल्याणीनं पदर खोचला. आधी हँडल लटपटलं. आकांक्षा मागून पळत आली आणि मग थांबली. उतार लागला. कल्याणीनं पायडल थांबवलं आणि बाह्या कोपराच्या वर ओढल्या. दोन्ही बाजूंना तूर, वाळायला लागलेली कपाशी, वाऱ्याला मातीचा गार वास. पुलापर्यंत आपोआप गेली. तिथं पाय टेकवून उभी राहिली आणि कुठं टोचतंय का ते लक्ष देऊन पाहू लागली, डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले होते तसं.

परत आली तेव्हा मावशी रस्त्यापर्यंत चालत आली होती. "गेलं का?"

"हातावरचं गेलं. पाठीवर आहे थोडं."

"आसंल. तुझी तुला येगळी." मावशीनं कॅरिअरवर हात ठेवला. "मला बसव."

"आई, वेडी का तू? पडशील," हरिओम ओरडला.

"पडले तर दवाखाना परतूरला हाये," मावशी म्हणाली आणि एका बाजूला पाय सोडून बसली. कल्याणीनं सावकाश पायडल मारलं. सपाट रस्त्यावर, एका कडुलिंबापासून दुसऱ्या कडुलिंबापर्यंत, फार लांब नाही. मावशीनं दोन्ही हातांनी तिची कंबर घट्ट धरली होती आणि तोंड तिच्या पाठीला टेकवलं होतं. सायकल डुगडुगली तशी ती मागून म्हणाली, "अक्का बी असंच हँडल हालवायची. बराबर असंच." तिचं नाक ओढल्याचं कल्याणीला पाठीवर कळलं.

जालन्याला परत आल्यावर तिनं संभाजीनगरच्या डॉक्टरांना फोन करून आईचं सांगितलं. ते म्हणाले, घराण्यात असू शकतं, नसेलही, खात्रीनं सांगणं अवघड आहे. त्यांनी नसांची एक लहानशी गोळी सुरू केली. त्या गोळीनं थोडा उतार पडला. झोप लागायला लागली. पण ते गेलं नाही. आठवड्यातून काही दिवस बरे जायचे, काही वाईट. वाईट दिवशी ती ऑफिसात मोकळेपणानं सांगायची, "आज जास्त टोचतंय, वंदना मॅडम, खिडकी जरा तुम्ही सांभाळा." वंदना मॅडम सांभाळायच्या. सांगितलं की लोक आधी दचकत, मग आपापलं काहीतरी सांगत. एकीच्या तळपायांची आग होत होती, एकाच्या कानात दिवसभर शिट्टी वाजायची. कॉलेजात एवढ्या वर्षांत हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

पायलला तिनं सगळे रिपोर्ट नेऊन दाखवले नाहीत. एवढंच म्हणाली, "हे लागणारं नाही गं. माझ्या आईला होतं, आणि तिच्या मांडीवर मी वाढले." पायलचा चेहरा उतरला. तिनं बाळ पुढं केलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तेच रांगत दारातून आत आलं आणि पायल त्याला परत न्यायला आली नाही.

सकाळी फिरायला ती आता सायकलनं जाते. रामप्रसादनं जुनी घेऊन दुरुस्त करून दिली. मोती तलावापर्यंत, गर्दी व्हायच्या आत. कधी उपयोग होतो, कधी होत नाही.

मुलीला, गंधालीला, सांगायचं राहिलं होतं. ती पुण्याला फार्मसी शिकत होती. इतके दिवस कल्याणी फोनवर 'काही नाही गं, कोरडी झालीये कातडी' म्हणत आली होती. एका रविवारी वरण शिजायला टाकून तिनं व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. आजीचं, विळ्याचं, सायकलचं. गंधाली फोन हातात धरून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला पण होईल का, आई?"

"माहीत नाही बाळा. नाही व्हायचं कदाचित. झालंच तर पहिल्या दिवशी मला सांग. साबण बदलत बसू नको. मी गाडीत बसून येईन आणि तुझी पाठ खाजवीन."

गंधाली हसली, डोळे पुसले. मग म्हणाली, "आजीची सायकल कुठल्या रंगाची होती गं?"

जिन्याखालची सायकल कल्याणीला अंधारातच आठवत होती. "थांब," ती म्हणाली, रामप्रसादच्या फोनवरून मावशीला लावलं आणि दोन्ही फोन ओट्यावर जवळजवळ ठेवले.

"हिरवी," मावशी ओरडून म्हणाली. "न्हाई न्हाई, थांब. सायकल काळीच होती. हँडल हिरवं. बैलाच्या शिंगाला लावायचा रंग उरल्ता पोळ्याचा, तो दाजीनं लावला. अक्काला दिसायला पाहिजे म्हणे, आपली कोणती. आगं, आख्ख्या गावात दुसरी सायकल होती कुठं! आन त्या हँडलला तिनं…"

वरण उतू जायला लागलं होतं. कल्याणीनं गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढून ओट्यापाशी बसली.